जावेची मुलं महागड्या शाळेत, आमचा साध्या शाळेत: आम्ही मुलावर अन्याय करतोय का?

पत्र:

ताई, आम्ही दोघंही नोकरी करतो, पगार ठीक आहेत पण महिनाअखेरीस फार काही उरत नाही. मुलगा चौथीत आहे, जवळच्या सरकारी शाळेत जातो, त्याच्या बाई चांगल्या आहेत आणि त्याला शाळा आवडते. माझ्या दिरांचा बिझनेस आहे, त्यांची दोन्ही मुलं इथल्या सगळ्यात महागड्या प्रायव्हेट शाळेत आहेत. स्विमिंग, रोबोटिक्स, सुट्टीत परदेशी कॅम्प, सगळं आहे. मध्यंतरी सगळे एकत्र जमलो तेव्हा पुतण्या माझ्या मुलाला सहज म्हणाला की तुमच्या शाळेत तर काहीच नाही, मग तुम्ही दिवसभर करता काय. रात्री माझा मुलगा मला विचारतो, "आई, मी हुशार नाहीये म्हणून मला त्या शाळेत घातलं नाही का?" तेव्हापासून मिस्टरांनी ठरवलंय की रिटायरमेंटसाठी ठेवलेली बचत मोडायची, कमी पडेल तेवढं लोन काढायचं आणि पाचवीपासून त्याला तिथेच घालायचं. मला भीती वाटते. पण मी अडवलं आणि उद्या तो मागे पडला तर, याची भीती त्याहून जास्त वाटते. पैसेवाल्यांचीच मुलं पुढे जाणार हे ठरलेलंच असतं का? आणि खरं सांगू का, जावेचा मला आता राग यायला लागलाय.

– एक आई

उत्तर:

ताई, बाकी सगळं नंतर, आधी मुलाच्या प्रश्नाचं उत्तर द्या, आणि दिलं असेल तरी परत एकदा द्या. त्याला सरळ सांगा की त्या शाळेची फी खूप जास्त आहे, काकांकडे तेवढे पैसे आहेत, आपल्याकडे नाहीत, आणि याचा तुझ्या हुशारीशी काही म्हणजे काही संबंध नाही. एवढंच. आपण पालक काय करतो, मुलांसमोर पैशाचा विषय नको म्हणून काहीतरी गोल गोल सांगतो, ती शाळा लांब आहे, तिथे शिक्षक कडक आहेत वगैरे, आणि खरं कारण कळलं नाही की मूल आपलं आपण एक कारण शोधून काढतं आणि त्यात बहुतेक वेळा दोष स्वतःलाच देतं. तुमच्या मुलाने तेच केलंय. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला "आपल्याकडे तेवढे पैसे नाहीत" हे नीट पचतं, मोठ्यांपेक्षाही नीट पचतं, फक्त तुम्ही ते सांगताना मान खाली घालू नका. आणि पुतण्याला त्याच्यासमोर वाईट ठरवू नका, तोही लहानच आहे, जे रोज बघतो तेच बोलला.

आता मिस्टरांच्या प्लॅनबद्दल. माझं मत विचारलंय म्हणून स्पष्ट सांगते, बचत मोडून आणि वर कर्ज काढून ही ॲडमिशन घेऊ नका. कारणं देते, कारण नुसतं "नको" म्हटलं तर घरात भांडणच होईल.

त्या शाळेचे निकाल उत्तम असतील, मान्य. पण निकाल बघताना आपण एक गोष्ट विसरतो की त्या शाळेत मुळात येतात कोण. ज्यांच्या घरी पहिल्यापासून पुस्तकं आहेत, शिकलेले आईवडील आहेत, वेळेवर डॉक्टर आहे, अडलं तर लगेच ट्यूशन आहे, अशीच मुलं तिथे येतात, आणि ती मुलं कुठल्याही बऱ्या शाळेत घातली तरी बरेच मार्क आणतील. मग शाळेने त्यात भर किती घातली हे कसं ओळखायचं? अमेरिकेत १९९१ मध्ये जन्मलेल्या हजाराच्या आसपास मुलांना जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंत बघितलं गेलं होतं, आणि त्या माहितीवरून रॉबर्ट पियांटा आणि आर्या अन्सारी या संशोधकांनी २०१८ मध्ये हेच तपासलं. नुसतं बघितलं तर प्रायव्हेट शाळेतली मुलं सगळ्यात पुढे दिसत होती. पण ती मुलं शाळेत जायच्या आधीचं घरचं उत्पन्न वगैरे हिशेबात धरल्यावर हा पुढेपणा जवळजवळ संपला. कितीतरी देशांमधल्या पंधरा वर्षांच्या मुलांची पिसा नावाची जी परीक्षा होते तिथेही हेच, वरवर बघितलं तर प्रायव्हेट शाळा पुढे, पण घरची परिस्थिती हिशेबात घेतली की २०१८ च्या वाचनाच्या निकालात सरासरीने सरकारी शाळांमधली मुलंच थोडी वरचढ निघाली.

मला स्वतःला सगळ्यात पटलेला अभ्यास मात्र बोस्टन आणि न्यूयॉर्कमधला आहे. तिथे काही सरकारी शाळा आहेत ज्या प्रवेश परीक्षा घेऊन फक्त निवडक मुलं घेतात, तिथे मूल लागलं की पालकांना आकाश ठेंगणं होतं. संशोधकांनी काय केलं, कट-ऑफच्या जरासं वर असलेली मुलं आणि जरासं खाली राहिलेली मुलं घेतली. म्हणजे हुशारीत जवळपास सारखीच, पण एकाला ती नावाजलेली शाळा मिळाली आणि एकाला नाही. पुढे या मुलांच्या परीक्षांमधल्या मार्कांत सांगण्यासारखा फरक जवळजवळ दिसलाच नाही. हा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. तुमच्या मिस्टरांना हे नक्की सांगा, कारण त्यांना वाटतंय की शाळेच्या गेटमधून आत गेलं की मूल बदलतं, आणि हा अभ्यास गेट बदलल्याने काय होतं ते बघण्यासाठीच केला होता.

आणि मग फी भरून दुसरं काय होईल तेही बघा ना. पाचवीपासून शाळा संपेपर्यंत सात-आठ वर्षं. फी दरवर्षी वाढणार, शिवाय फीबाहेरचं सगळं वेगळं, सहली, कार्यक्रम, गॅजेट, वाढदिवस, आणि हे सगळं करूनही त्या वर्गातला सगळ्यात कमी पैशांचा मुलगा तुमचाच असणार. आज वर्षातून दोन-तीनदा पुतण्याशी तुलना होते ती तिथे रोज होईल. काही मुलं यातून छान निभावून नेतात, काही मुलं आतल्या आत कुढतात, तुमचा कुठल्यातला आहे ते तुम्हाला माहीत, पण जो मुलगा एका वाक्यावरून "मी हुशार नाही का" इथपर्यंत पोचला त्याचा विचार करा. घरात हप्त्याचं टेन्शन आलं की तुम्ही दोघं जास्तीचं काम घेणार, संध्याकाळी घरी उशिरा येणार, आल्यावर चिडचिड, आणि तो एकटा. म्हणजे ज्या गोष्टीने मुलाला सर्वात जास्त फायदा होतो तीच विकून फी भरायची. आणि बचत मोडलीत तर उद्या तुमच्या म्हातारपणाचा खर्च कोणावर येणार? त्याच मुलावर, त्याच्या ऐन उमेदीच्या वर्षांत. पुतण्यावर ते ओझं नसेल. म्हणजे दोन भावांच्या मुलांमधलं अंतर कमी करायला निघालात आणि ते तुम्ही स्वतःच वाढवून ठेवलंत.

पण थांबा, मी असं म्हणत नाहीये की पैशाने काही फरक पडत नाही. पडतो, भरपूर पडतो, आणि तुमचा राग अगदी बरोबर आहे. तुम्ही विचारलंय की ठरलेलंच असतं का. ठरलेलं नसतं पण पारडं झुकलेलं नक्की असतं, आणि कुठे झुकलेलं असतं ते समजून घ्या. ब्रिटनमध्ये फी भरून शिकणारी मुलं साधारण ७ टक्के, पण २०१९ च्या पाहणीत तिथल्या वरिष्ठ न्यायाधीशांपैकी ६५ टक्के लोक अशा शाळांमधून आलेले निघाले. अमेरिकेतल्या सगळ्यात नावाजलेल्या बारा कॉलेजांचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडला, त्यात प्रवेश परीक्षेचे मार्क अगदी सारखे असले तरी सर्वात श्रीमंत १ टक्का घरातल्या मुलाला तिथे पोचायची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त होती. मार्क सारखे असून! का, तर आईवडील त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी म्हणून मिळणारं झुकतं माप, खेळाडूंसाठीच्या जागा, आणि अभ्यासाबाहेरचं चकचकीत प्रोफाइल, जे बनवून द्यायला महागड्या शाळांमध्ये वेगळी माणसंच असतात. हा सरळसरळ अन्याय आहे, मला वाचताना संताप आला होता आणि आजही येतो. मार्कांत बरोबरी करूनही मुलाला दारात अडवलं जात असेल तर ते मेहनतीचं फळ वगैरे म्हणायला कोणी जाऊ नये.

फक्त बघा, हे सगळं बहुतेक शाळेच्या शेवटच्या टप्प्यावर आणि त्यानंतर होतं. ॲडमिशन, ओळखी, पहिली इंटर्नशिप, बिनपगारी अनुभव घेता येणं, एकदा अपयश आलं तर घरून दुसरा चान्स मिळणं. पाचवीच्या वर्गात बसून यातलं काही विकत मिळत नाही. तुमची बचत जर कुठे कामी येणार असेल तर ती तेव्हा येईल, तो अठरा-वीस वर्षांचा असताना, हॉस्टेलला, कोर्सला, किंवा एक वर्ष वाया गेलं तर ते सोसायला. श्रीमंत घरातल्या मुलाकडे सगळ्यात मोठी गोष्ट कुठली असेल तर माझ्या मते ती हीच, पडलो तरी घर आहे ही खात्री. ही खात्री तुम्ही थोड्या प्रमाणात का होईना देऊ शकता, आणि मिस्टर नेमकी तीच आत्ता मोडायला निघालेत.

दुसरा झुकाव आहे तो त्याहून खूप आधीचा. मुलं पहिल्यांदा शाळेत पाय ठेवतात तेव्हाच त्यांच्यात मोठं अंतर पडलेलं असतं, कोणाशी घरी किती बोललं गेलं, कोणाला रात्री पुस्तक वाचून दाखवलं गेलं, कोणाच्या घरात भाडं भरायची धास्ती होती, यावरून. जेम्स कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये अमेरिकेत सहा लाखांहून जास्त मुलांची माहिती गोळा करून मोठा सरकारी अहवाल लिहिला होता, सगळ्यांना वाटत होतं की इमारती, लॅब, लायब्ररी यावरून मुलांमधला फरक निघेल, आणि निघालं असं की घर आणि वर्गातली सोबतची मुलं यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे. यावर नंतर खूप वाद झाले, आणि एक गोष्ट पुढे सुधारून घ्यावी लागली ती म्हणजे शिक्षक. शिक्षकाने फरक पडतो, खूप पडतो, पण गंमत अशी की चांगला शिक्षक आणि कच्चा शिक्षक हा फरक दोन शाळांमध्ये जेवढा असतो त्यापेक्षा एकाच शाळेतल्या दोन वर्गांमध्ये जास्त सापडतो. म्हणून तुम्ही पत्रात सहज जाता जाता लिहिलंय ना की बाई चांगल्या आहेत, मला तुमच्या अख्ख्या पत्रात ते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. पाचवीत कोण शिकवणार आहे, हे आत्ताच जाऊन विचारा. ब्रोशर वाचण्यापेक्षा ते शंभरपट उपयोगी आहे.

आता असं एक काम सांगते ज्याला पैसे लागत नाहीत आणि ज्यात श्रीमंत घरं खरंच पुढे असतात. ॲनेट लॅरो नावाच्या संशोधक आहेत, त्यांनी तुमच्या मुलाच्याच वयाची मुलं असलेल्या वेगवेगळ्या परिस्थितीतल्या घरांमध्ये जाऊन अक्षरशः त्यांच्यात बसून निरीक्षण केलं. त्यातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. एक सुस्थितीतली आई मुलाला डॉक्टरकडे नेतेय आणि गाडीत त्याला सांगतेय की डॉक्टरांना काय काय विचारायचं ते आत्ताच ठरवून ठेव, काहीही विचार, लाजू नकोस. आणि तो मुलगा खरंच विचारतो. गरीब आणि कामगार घरांमध्ये प्रेम तेवढंच होतं, शिस्त उलट जास्त होती, पण मोठ्या पदावरच्या माणसासमोर गप्प बसायचं हेही मुलं घरूनच शिकत होती. पुढे कॉलेजमध्ये, इंटरव्ह्यूमध्ये, साहेबासमोर, हा फरक केवढा मोठा होतो बघा. तर हे आजपासून सुरू करा. दुकानात, बँकेत, दवाखान्यात, लायब्ररीत त्याला पुढे करा, तू विचार म्हणा. वर्गात समजलं नाही तर हात वर करायचा, बाई चिडल्या तरी चालेल. नियम पटला नाही तर नीट शब्दांत कारण विचारायचं. तुम्हाला सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, बरेचदा आपल्यालाच साहेबांसमोर बोलायची सवय नसते, मग दोघं मिळून शिका.

याच्या जोडीला लायब्ररीचं कार्ड, रोज थोडं एकत्र वाचन, तो मोठा झालाय असं वाटलं तरी, आणि सुट्टी रिकामी जाऊ न देणं. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९८२ पासून काही शे मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला होता, त्यात दिसलं होतं की शाळा चालू असताना गरीब आणि सुस्थितीतली मुलं जवळपास सारख्याच वेगाने शिकतात, अंतर वाढतं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. नंतरच्या संशोधकांना सुट्टीचा परिणाम एवढा मोठा दिसला नाही, त्यामुळे मी त्यावर जास्त भार देणार नाही. पण फीच्या रकमेचा एक छोटासा भाग एखाद्या खेळावर किंवा वाद्यावर घाला, ज्यात तो मनापासून रमतो असं काहीतरी, पुतण्या करतो म्हणून नाही.

एक सांगायला हवं, शाळा बदलणं नेहमी चुकीचंच असं नाही. शिक्षक वर्गावर येतच नसतील, मुलाला मारहाण होत असेल, त्याची काही वेगळी गरज असेल आणि शाळा तिकडे बघतच नसेल, तर हलवा त्याला, जमेल त्या शाळेत हलवा, आणि त्यासाठी खर्च झाला तरी करा. पण तुमच्या पत्रात यातलं एकही कारण नाही. मुलाला शाळा आवडते असं तुम्हीच लिहिलंय. हलवायचं कारण फक्त एक वाक्य आहे जे एका मुलाने दुसऱ्या मुलाला म्हटलं, आणि ते तुमच्या मिस्टरांना मुलापेक्षा जास्त लागलंय. दोन सख्खे भाऊ आहेत, एकाची भरभराट झाली आणि एकाची नाही, आणि आता ते मुलांच्या शाळेवरून मोजलं जातंय. त्यांच्याशी याबद्दल बोला, पण फीच्या हिशेबाच्या वेळी नाही, वेगळं कधीतरी, आणि आकडे बाजूला ठेवून. कमी कमावतो म्हणून मी कमी बाप आहे का, असं काहीतरी त्यांच्या मनात असण्याची शक्यता मला खूप वाटते.

आता शाळेबद्दल आणखी थोडं, कारण तुमच्या निर्णयाचा परिणाम तुमच्या एकट्याच्या मुलावर होत नाही. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक फार नेमकी गोष्ट मांडली होती आणि उदाहरण शाळांचंच दिलं होतं. एखादी सार्वजनिक शाळा घसरायला लागली की सगळ्यात आधी कोण निघून जातं, तर ज्यांना शिक्षणाची सगळ्यात जास्त काळजी असते ते पालक. म्हणजे जे मीटिंगमध्ये उभं राहून बोलले असते, अर्ज लिहिले असते, पाठपुरावा केला असता, तेच गेले. मागे राहतात ते ज्यांना वेळ नाही, किंवा ज्यांचं कोणी ऐकत नाही. मग शाळा अजून घसरते आणि मग अजून चार जण जातात. चिलीमध्ये हे देशपातळीवर झालं. १९८१ पासून सरकारने प्रत्येक मुलामागे पैसे द्यायचे आणि पालकांनी हवी ती शाळा निवडायची, प्रायव्हेट सुद्धा, अशी पद्धत आणली. शाळांमध्ये स्पर्धा होईल आणि सगळ्याच सुधारतील असं वाटलं होतं. पुढे चांग-ताय श्ये आणि मिगेल उर्किओला या अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं तर सरासरी शिक्षण सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही, पण सुस्थितीतली मुलं सरकारी शाळांमधून बाहेर पडली हे मात्र स्पष्ट दिसलं. शेवटी २०१५ मध्ये तिथे कायदा करून सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांमधली पालकांकडून वर घेतली जाणारी फी, नफा आणि मुलं निवडून घेणं बंद करायला सुरुवात झाली. फिनलंडने याच्या उलट केलं, १९७२ ते १९७७ मध्ये उत्तरेकडून सुरू करून हळूहळू सगळ्या देशात सगळ्या मुलांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा आणली, अकराव्या वर्षी मुलांची हुशार आणि बाकीचे अशी विभागणी करायचं बंद केलं. नंतर मोजलं तेव्हा वडिलांच्या कमाईवरून मुलाची कमाई ठरण्याचा जो संबंध असतो तो साधारण २३ टक्क्यांनी सैल झाला होता. म्हणून म्हणते, ठरलेलं नसतं. माणसांनी केलेले नियम असतात आणि ते बदललेले आहेत.

तुम्ही देशाचे नियम उद्या बदलू शकणार नाही हे मलाही कळतं. पण तुम्ही शाळेच्या पालकसभेत बसू शकता, दोन-तीन आया आणखी जमवू शकता, आणि लायब्ररीचं कपाट कुलूपबंद का असतं, विज्ञानाचे प्रयोग मुलं स्वतः करतात की फक्त बघतात, बाई रजेवर गेल्या की वर्ग कोण घेतं, हे विचारू शकता. दर महिन्याला विचारा, गोड शब्दांत विचारा, पण विचारत राहा. आणि शिक्षकांच्या बाजूनेही बोला, त्यांच्यावर शिकवण्याबाहेरची कामं लादली जात असतील तर पालकांनी तक्रार केलेली जास्त ऐकली जाते. तुम्ही दोघंही शिकलेले आहात, अर्ज लिहू शकता, वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या आईला ते जमणारं नाही. मिस्टरांची जी शक्ती आत्ता लोनच्या चौकशीत चालली आहे ती इथे लावली तर तुमच्या मुलासोबत चाळीस मुलांना त्याचा उपयोग होईल.

राहिली जाऊ. राग येणारच, आणि तिने मुद्दाम काही केलं नसेल तरी येणार. पण त्या रागापायी एक गोष्ट तोडू नका, ती म्हणजे मुलांचं एकमेकांकडे येणं-जाणं. हे मी नात्यागोत्याच्या प्रेमापोटी म्हणत नाहीये. चेट्टींच्याच गटाने २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ७ कोटींहून जास्त लोकांच्या फेसबुकवरच्या सुमारे २१ अब्ज मैत्र्या तपासल्या. गरीब घरातल्या मुलांच्या नशिबाशी सगळ्यात घट्ट जोडलेली गोष्ट निघाली ती म्हणजे त्यांच्या आसपास श्रीमंत-गरीब अशी मैत्री किती आहे. जिथे अशी मैत्री श्रीमंत मुलांच्या भोवती असते तेवढी असेल, तिथे वाढलेल्या गरीब मुलांची मोठेपणीची कमाई सरासरी २० टक्क्यांनी जास्त असेल असा त्यांचा अंदाज होता. आणि पुतण्यालाही यात मिळण्यासारखं आहे. दिल्लीत काही महागड्या प्रायव्हेट शाळांना गरीब घरातली मुलं घेणं बंधनकारक झालं, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी तपासलं की श्रीमंत मुलांचं काय होतं. अभ्यासाचं फारसं बिघडलं नाही, पण ती मुलं जास्त उदार झाली, आणि गरीब मुलांशी भेदभाव कमी करायला लागली. तुमच्या पुतण्याने जे वाक्य म्हटलं ते तो का म्हणाला? कारण त्याच्या शाळेत दुसऱ्या परिस्थितीतलं मूल कोणी नाहीच, त्याला खरंच माहीत नाही की स्विमिंग पूल नसलेल्या शाळेत मुलं काय करतात. त्याला ते दाखवू शकेल असा त्याच्या आयुष्यात सध्या बहुधा एकच मुलगा आहे.

तेव्हा जावेला फोन करा आणि पुतण्यांना येत्या सुट्टीत काही दिवस तुमच्याकडे राहायला बोलवा. काही खास करू नका, तुमच्या मुलाचे मित्र, त्याचं मैदान, त्याची लायब्ररी, जसं आहे तसंच. झालेल्या बोलण्याचा विषय जावेकडे काढायचा असेल तर काढा, पण तक्रार म्हणून नको, "माझा मुलगा रात्री असं विचारत होता" एवढंच सांगा. मला वाटतं तीही आई आहे, तिला कळेल. आणि नाहीच कळलं तरी मुलांचं राहणं ठरवूनच फोन ठेवा. मिस्टरांना म्हणावं, लोनच्या कागदांवर सही करायच्या आधी पाचवीच्या बाईंना एकदा भेटून येऊ, दोघंही जाऊ, आणि मुलालाही बरोबर नेऊ. बाईंना काय विचारायचं ते त्यालाच ठरवू दे.